स्वतःच्या नावावरची मेहनत : प्रस्तावना

‘मेहनत’ हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. शेतात, बांधकामावर आणि कारखान्यात मेहनत म्हणजे पोटासाठी उपसलेले कष्ट. तालमीत मात्र ‘मेहनत करणे’ म्हणजे जोर, बैठका, सपाट्या, मल्लखांब आणि लढती यांचा रोजचा नेम, ज्याचा पगार कोणी देत नाही आणि ज्यासाठी उलट खुराकाचा खर्च पदरचा करावा लागतो. अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेल्या या शब्दाच्या मुळाशी कसोटी किंवा परीक्षा हा अर्थ आहे, आणि तालमीने तो कारखान्यापेक्षा अधिक निष्ठेने जपला आहे, असे म्हणण्यास जागा आहे. पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, मोशीमार्गे चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात हे दोन्ही अर्थ पुष्कळदा एकाच देहात मुक्कामाला असतात. पाळीचे आठ तास पहिल्या अर्थाची मेहनत करून आलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या अर्थाची मेहनत करायला का जातो, या प्रश्नापासून युद्धकलांच्या वैयक्तिक लाभांचा विचार सुरू करणे येथे उचित मानले आहे. कारण शरीर तंदुरुस्त राहते, आत्मविश्वास वाढतो आणि स्वसंरक्षण करता येते, ही क्लासच्या फलकांवरची त्रिसूत्री खोटी नसली तरी दमून आलेल्या माणसाला पुन्हा घराबाहेर काढण्याइतकी ती समर्थ नाही.

‘युद्धकला’ ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने वापरली आहे. तीत लाल मातीवरची व गादीवरची कुस्ती येते. दांडपट्टा, लाठीकाठी, फरीगदगा (म्हणजे चामड्याची लहान ढाल आणि लाकडी छडी यांनी खेळायचा सराव) आणि बोथाटी असे ज्यांना एकत्रितपणे ‘मर्दानी खेळ’ म्हणतात ते प्रकार येतात. आणि गेल्या काही दशकांत शाळांच्या सभागृहांतून व सोसायट्यांच्या क्लबहाऊसमधून रुजलेले कराटे, ज्युडो व तायक्वांदो हेही येतात. या सगळ्यांना एका छताखाली आणणारी गोष्ट शस्त्र नाही आणि पेहराव तर नाहीच. ती आहे समोरच्या माणसाचा विरोध. व्यायामशाळेतले वजन उचलायला कितीही जड असले तरी ते हुलकावणी देत नाही, उचलणाऱ्याचा दम कधी संपतो याची वाट पाहत नाही आणि त्याची सवय ओळखून पुढच्या खेपेस वेगळे वागत नाही. जोडीदार हे सर्व करतो. म्हणून युद्धकलेचा अभ्यास हा व्यायाम असूनही व्यायामापाशी थांबत नाही. शिकणाऱ्याला स्वतःचे शरीर आणि दुसऱ्याचा हेतू या दोन्हींचे वाचन एकाच क्षणी करावे लागते.

या कलांची भाषाही तेच सांगते. ‘तालीम’ या शब्दाचा मूळ अर्थ शिक्षण, आणि ‘वस्ताद’ म्हणजे उस्ताद, शिक्षक. जपानी परंपरेत ज्या जागेला ‘दोजो’ म्हणतात तिचा अर्थ मार्ग शिकण्याची जागा असा आहे, आणि ‘सेन्से’ म्हणजे आधी जन्मलेला, म्हणून वाट दाखवणारा. आधुनिक ज्युडोचे प्रवर्तक कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही संस्था स्थापन केली ती शिक्षणतज्ज्ञ म्हणून. ओकिनावा बेटावरचे कराटे १९२२ मध्ये टोकियोत दाखवणारे फुनाकोशी गिचिन हे पेशाने शाळामास्तर होते. सातासमुद्रापलीकडचा दोजो आणि पेठेतली तालीम यांच्यात देवाणघेवाण झाली नसतानाही दोघांनी स्वतःला शाळाच म्हणवून घ्यावे, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे.

तरीही ‘वैयक्तिक लाभ’ हा विचार या भूमीत तसा अलीकडचाच म्हणावा लागेल. १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या फौजेने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला, तेव्हा किल्लेदार फिरंगोजी नरसाळे यांनी या भुईकोटावर, म्हणजे डोंगराचा आधार नसलेल्या सपाटीवरच्या किल्ल्यावर, सुमारे पावणेदोन महिने टिकाव धरला आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यावरच किल्ला पडला. तेथे लढणाऱ्यांचे शस्त्रकौशल्य स्वराज्याच्या कामी आले. एकोणिसाव्या शतकात पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले यांनी दांडपट्ट्याचे शिक्षण घेतले, आणि तेथेही ताकदीच्या मागे समाजाचे प्रयोजन उभे होते. चिंचवडच्या दामोदर चापेकर यांनी तरुणांना व्यायाम व शस्त्रशिक्षण देण्यासाठी मंडळ उभारले आणि २२ जून १८९७ रोजी पुण्यातील ब्रिटिश प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चिंचवडगावातील चापेकर वाडा त्या काळाची साक्ष देतो. गावोगावच्या जत्रांतील कुस्त्यांचा आखाडा हा तर उघडच गावाच्या अब्रूचा मामला असे आणि पैलवान जिंकला की त्याच्याआधी त्याच्या गावाचे नाव पुकारले जाई. राज्य, समाज, देश, गाव अशा कोणत्या ना कोणत्या खात्यावर ही ताकद जमा होत आली. ज्याने पहाटे उठून जोर मारले त्याला स्वतःला यातून काय मिळाले, हा प्रश्न विचारणे काहीसे क्षुद्रपणाचे मानले गेले असावे.

कारखानदारीने या खात्यांत आणखी एका खात्याची भर घातली. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्यानंतर या परिसरातील माळराने व ज्वारी-बाजरीची शेते भराभर शेडखाली गेली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून १९७० मध्ये नवनगरपालिका झाली, १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. चाकणला बजाज ऑटोचा कारखाना १९९९ मध्ये आला आणि पुढच्या दहा वर्षांत फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने उभे राहून एके काळी कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव मोटारींचे गाव झाले. या स्थित्यंतरात तालमी पुसल्या गेल्या नाहीत, हे विशेष. भोसरीचे नाव आजही कुस्तीशौकिनांच्या तोंडी पैलवानांचे गाव म्हणूनच येते, तेथे महापालिकेने कुस्ती व कबड्डीचे संकुल उभारले आहे, आणि ज्या खेड तालुक्यात चाकण मोडते त्याच तालुक्यातील राक्षेवाडीच्या शिवराज राक्षे याने २०२३ च्या जानेवारीत महाराष्ट्र केसरीची गदा पटकावली. परंतु या पट्ट्यातील बहुसंख्य अभ्यासक गदेसाठी खेळत नाहीत. ज्याचे नाव कोणत्याही मैदानात पुकारले जाणार नाही अशा माणसाला या अभ्यासातून काय मिळते, हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

त्यासाठी आधी लाईनवरच्या शरीराकडे नीट पाहायला हवे. जुळणीच्या लाईनवर प्रत्येक ठाण्याला ठरलेला ‘सायकल टाइम’ असतो, म्हणजे एक काम संपवून पुढचे हाती घेण्यासाठी मोजून दिलेला वेळ, जो कधी काही सेकंदांचा तर कधी एक-दोन मिनिटांचा असतो. त्या अवधीत कामगाराने खाली वाकायचे, डाव्या हाताने भाग धरायचा, उजव्या हातातील टॉर्क गनने बोल्ट आवळायचा, अर्धे वळायचे आणि पुन्हा तेच करायचे. लघुशंकेला जायचे असेल तर ‘रिलिव्हर’ची, म्हणजे तेवढ्यापुरती जागा सांभाळणाऱ्या सहकाऱ्याची, वाट पाहायची. यात शरीराला श्रम होतात पण व्यायाम होत नाही. ठरावीक स्नायू अतोनात वापरले जातात आणि उरलेले झोपून राहतात, एक खांदा दुसऱ्याहून जड होतो, कंबर एकाच दिशेला वळण्यास सरावते आणि श्वास उथळ होत जातो. शिवाय या सर्व हालचालींचा ताल बाहेरून येतो. शरीर कामगाराचे असते, पण केव्हा वाकायचे हे लाईन ठरवते.

अशा शरीराला जोर-बैठकांचा किंवा कराटेच्या ‘किहोन’चा, म्हणजे मूलभूत ठोसे, अडवणुकी आणि पवित्रे यांच्या उजळणीचा, पहिला फायदा समतोलाचा होतो. जोर मारताना हनुवटी जमिनीजवळून पुढे सरकत छाती उघडते आणि पाठीचा कणा दोन्ही बाजूंना सारखा ताणला जातो. किहोनमध्ये जे उजवीकडे केले ते डावीकडेही तितक्याच वेळा करणे सक्तीचे असते. शरीरशास्त्रात ज्याला स्थितिसंवेदना म्हणतात, म्हणजे डोळ्यांनी न पाहताही आपला हात, गुडघा किंवा टाच या क्षणी नेमकी कोठे आहे हे स्नायू, कंडरा आणि सांधे यांतील संवेदकांमुळे कळण्याची शक्ती, ती एकसुरी कामात बोथट होते आणि जोडीदाराबरोबरच्या सरावात तल्लख होते. परंतु याहून मोठा लाभ मोजमापात न सापडणारा आहे. संध्याकाळच्या त्या तासात शरीराचा ताल पुन्हा शरीराच्या मालकाकडे येतो. घाम तोच असतो, दुखणारे खांदेही तेच असतात, पण केव्हा थांबायचे आणि केव्हा झेपावायचे याचा निर्णय बाहेरची कोणतीही घंटा करत नाही. दमून आलेला माणूस आणखी दमायला का जातो, याचे उत्तर बहुधा येथेच आहे.

आता पडण्याविषयी, ज्याकडे या विषयावरील बहुतेक लेखनाने दुर्लक्ष केले आहे. ज्युडोच्या वर्गात नवागताला आधी फेकायला शिकवत नाहीत, पडायला शिकवतात. या शिक्षणाला ‘उकेमी’ म्हणतात. विद्यार्थी प्रथम गादीवर उताणा झोपतो, हनुवटी छातीला टेकवून स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीकडे पाहतो, दोन्ही हात छातीवर दुमडतो आणि मग ते अंगापासून थोडे तिरपे ठेवून तळव्यांसकट गादीवर आपटतो. आपटताना श्वास बाहेर सोडतो. ‘थाप’ असा एकच भरीव आवाज आला तर धक्का हातभर पसरला असे समजायचे, आणि ‘टप्प-टप्प’ असा फुटका आवाज आला तर कोपर आधी टेकले. हेच नंतर उकिडवे बसून, मग उभ्याने, मग लोळण घेत आणि शेवटी दुसऱ्याने फेकल्यावर करायचे असते. पडणाऱ्या माणसाची उपजत प्रतिक्रिया हात ताठ पुढे करून जमीन रोखण्याची असते, आणि मनगट मोडण्याचे ते एक अगदी नेहमीचे कारण आहे. उकेमी ही उपजत सवय शेकडो वेळा पडून मोडून काढते. तालमीतल्या मातीतही हे शिक्षण वेगळ्या वाटेने होतच असते, कारण मऊ केलेल्या हौदात दिवसाला वीसदा आपटलेला मुलगा अंग कसे सोडायचे हे कोणी न सांगता शिकतो. तेलाने निसरड्या झालेल्या शॉपफ्लोअरवर, पावसाळ्यात खडी उखडलेल्या रस्त्यावर दुचाकी घसरताना आणि पुढे म्हातारपणी न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर हे ज्ञान कामी येण्याची शक्यता, एखाद्या गुंडाशी दोन हात करण्याच्या शक्यतेहून कितीतरी अधिक आहे. स्वसंरक्षण हा शब्द वापरायचाच असेल तर त्याचा पहिला अर्थ जमिनीपासूनचे संरक्षण असा घ्यायला हरकत नसावी.

पडण्याची भीती गेली की माणसाच्या उभे राहण्यातच फरक पडतो, आणि तो फरक कुस्तीच्या ‘खडाखडी’त स्पष्ट दिसतो. सलामी झाल्यावर दोन्ही मल्ल एकमेकांच्या मानेवर आणि मनगटावर हात टाकून डोके डोक्याला भिडवतात आणि डाव न टाकता केवळ ढकलत, ओढत, सोडत राहतात. नवख्या प्रेक्षकाला हा वेळकाढूपणा वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येकजण दुसऱ्याचा तोल चाचपत असतो. कोणत्या पायावर भार अधिक आहे, मान ओढली की तो पुढे येतो की मागे रेलतो, श्वास कधी तुटतो याची ती तपासणी असते, आणि जो घाईने पट काढायला, म्हणजे खाली झेपावून प्रतिस्पर्ध्याचे पाय धरायला, जातो तो पुष्कळदा स्वतःच खाली सापडतो. कराटेच्या ‘कुमिते’त, म्हणजे दोघांच्या नियमबद्ध झुंजीत, हीच गोष्ट अंतराच्या रूपाने शिकवली जाते: समोरच्याचा ठोसा जिथे पोहोचत नाही पण एका पावलात आपला पोहोचतो, ती जागा राखणे. अंगावर येणाऱ्या माणसाला पाहून डोळे न मिटणे आणि तरीही लगेच हात न उगारणे, ही जी मधली जागा आहे ती रुंद करणे हे या दोन्ही कलांचे खरे काम होय. गेटवरची बाचाबाची, सुपरवायझरचा चढलेला आवाज, रस्त्यावर आरशाला आरसा घासल्यावर उतरलेला चालक अशा प्रसंगी जो माणूस क्षणभर थांबू शकतो, त्याने तो क्षण बहुधा कोठेतरी शेकडो वेळा गिरवलेला असतो. मारण्याची क्षमता असलेला माणूस भांडखोर होतो हा समज सर्वस्वी निराधार नाही, कारण या पट्ट्यातही पैलवानकीच्या जोरावर दादागिरी करणारे आढळतात; मात्र अशांची मेहनत पुष्कळदा सुटलेली असते आणि दंडांचा घेर तेवढा शिल्लक असतो.

तालमीचा आणखी एक गुण औद्योगिक वसाहतीत विशेष मोलाचा ठरतो, तो म्हणजे तेथे उतरंड वेगळी असते. कंपनीत कायम कामगार, कंत्राटी, ट्रेनी आणि स्टाफ यांच्या टोप्यांचे वा गणवेशांचे रंग वेगळे असतात आणि कॅन्टीनच्या टेबलांवरही ते वेगळेपण नकळत जपले जाते. मातीत उतरल्यावर लंगोट सर्वांचा सारखा असतो. वयाने लहान, पगाराने कमी असा ट्रेनी एखाद्या अधिकाऱ्याला उचलून आपटू शकतो, आणि त्या अधिकाऱ्याने उठून, अंगावरची माती झटकून, त्याच्या हातावर हात मारून पुन्हा उभे राहायचे असते. हरणे ही येथे रोजची आणि सर्वांसमक्ष घडणारी बाब असते. पाठ टेकली ती टेकली, तिचे स्पष्टीकरण देता येत नाही. ज्या कार्यसंस्कृतीत चूक झाली की आधी ती दुसऱ्याच्या खात्यावर कशी टाकता येईल हे पाहिले जाते, तेथे हार कबूल करण्याची ही निर्मळ सवय माणसाला मनाने हलके करते.

लातूर, बीड, जळगाव, यवतमाळ येथून किंवा बिहार-ओडिशातून येऊन कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे भरून, राहणाऱ्या तरुणाला तर ही जागा याहूनही अधिक काही देते. एका खोलीत पाच-सहा जण राहतात, पण पाळ्या वेगळ्या असल्याने आठवडा-आठवडा एकमेकांशी बोलणे होत नाही. मेसचा डबा एकट्याने उघडायचा आणि मोबाइलकडे पाहत संपवायचा. ज्या ठिकाणी दोन दिवस दिसला नाही तर ‘कुठे होतास?’ असे कोणीतरी विचारते, असे ठिकाण परगावात सहज मिळत नाही. तालमीत उतरण्याआधी फावड्याने हौद खणून माती भुसभुशीत करावी लागते, तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबू आणि कडुलिंबाचा पाला मिसळावा लागतो, आणि हे काम आळीपाळीने सर्वांना करावे लागते. चार दिवस खणली नाही तर माती घट्ट होते. हे काम ज्याच्या वाट्याला येते तो त्या जागेचा होतो, मग त्याच्या आधार कार्डावरचा पत्ता कोणताही असो.

स्त्रियांच्या बाबतीत या विवेचनाला सूर बदलावा लागतो. पारंपरिक तालमीने त्यांना उंबऱ्याबाहेरच ठेवले. ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती आली ती २००४ मध्ये अथेन्सला, आणि महिलांसाठी महाराष्ट्र केसरीची स्पर्धा पहिल्यांदा भरली ती २०२३ मध्ये सांगलीत, जिथे प्रतीक्षा बागडी विजेती ठरली. पुरुषांची स्पर्धा १९६१ पासून चालू होती हे लक्षात घेतले तर विलंबाचा हिशेब मांडण्याची गरज उरत नाही. या पोकळीत कराटे आणि तायक्वांदो यांनी मुलींना जागा दिली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. कराटेत प्रहाराच्या क्षणी पोटातून जी आरोळी काढली जाते तिला ‘किआई’ म्हणतात; श्वास, कमरेची फिरत आणि प्रहार हे एका क्षणी जुळावेत हा तिचा हेतू. मुलग्यांना ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जमते. मुलींच्या घशातून मात्र सुरुवातीस पुष्कळदा आवाजच निघत नाही, निघाला तर त्यापाठोपाठ हसू येते आणि हात तोंडावर जातो. हळू बोल, खाली बघ, खिदळू नको या शिकवणीचा थर त्या घशावर असतो. तो थर उतरण्यास काही आठवडे जातात, आणि ज्या संध्याकाळी सभागृहात तिचा आवाज भिंतीवर आदळून परत येतो त्या संध्याकाळी तिने कोणताही डाव शिकलेला नसला तरी काही शिकलेले असते. उशिराच्या पाळीहून परतताना कंपनीच्या बसमधून उतरून अंधाऱ्या गल्लीतून घर गाठणाऱ्या स्त्रीला लाथेपेक्षा हा आवाज, मान वर ठेवून चालण्याची ढब आणि कोणी किती जवळ आले म्हणजे फार जवळ आले याची जाण अधिक उपयोगाची आहे. याउलट महिला दिनाच्या आसपास होणाऱ्या एका दिवसाच्या स्वसंरक्षण शिबिरांविषयी कठोर बोलणे भाग आहे: दोन तासांत शिकवलेली मनगट सोडवण्याची युक्ती प्रत्यक्ष भीतीच्या क्षणी आठवत नाही, आणि ती आठवेल असा विश्वास निर्माण करणे हे न शिकवण्याहून धोक्याचे आहे. शिवाय सुरक्षिततेची जबाबदारी स्त्रीच्या मनगटावर टाकून रस्त्यावरचा दिवा बंदच ठेवायचा, हा व्यवहार कोणत्याही युद्धकलेच्या नावाने खपवून घेता येणार नाही.

मुलांच्या वर्गांचा प्रश्न थोडा वेगळा, आणि काहीसा मिस्कीलही आहे. काळ्या पट्ट्याची पद्धत ज्युडोत कानो यांच्या काळात सुरू झाली आणि रंगीत पट्ट्यांची उतरंड पुढे युरोपात रुळली, कारण दीर्घकाळ एकच पांढरा पट्टा बांधून राहण्याचा धीर तेथील विद्यार्थ्यांना नव्हता, असे मानले जाते. तो धीर येथील पालकांनाही नाही. दर तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी, नवा पट्टा, प्रमाणपत्र आणि समाजमाध्यमावरचे छायाचित्र अशी एक समांतर जुळणीची लाईनच उभी राहिली आहे. यात मुलाचे नुकसान होतेच असे नाही; रांगेत उभे राहणे, वाकून नमस्कार करून जोडीदाराला सामोरे जाणे आणि आपल्याहून लहान मुलाला हलक्या हाताने मारणे या गोष्टी पिवळ्या पट्ट्याच्या मुलालाही मिळतातच. फक्त पट्ट्याचा रंग हा मुलाचा लाभ आणि पालकांचा आनंद यांतील कोणाच्या खात्यावर जमा होतो, हे तपासत राहावे.

लाभांबरोबर नुकसानीचीही नोंद हवी. गुडघा आणि खांदा हे या अभ्यासात सर्वाधिक सोसणारे सांधे आहेत. कानाच्या पाळीत रक्त साचून ती कायमची गाठाळते, ज्याला पैलवान ‘कान तुटणे’ म्हणतात आणि काहीजण अभिमानाने मिरवतात. खालच्या वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडून वजन उतरवण्याची पद्धत तरुण शरीरावर अत्याचार करते. ज्याचे पोट हातांवर आहे अशा कंत्राटी कामगाराला निखळलेला खांदा म्हणजे बुडालेला रोज असतो, आणि सरावातील दुखापतीची भरपाई मिळण्याची कोणतीही खात्री त्याला नसते. म्हणून त्याच्यासाठी योग्य तो अभ्यास स्पर्धकाच्या अभ्यासाहून वेगळा असायला हवा, जोरकस लढतींपेक्षा तोल, पडणे आणि श्वास यांकडे अधिक झुकलेला. हे वस्तादांना सांगावे लागते ही खेदाची गोष्ट आहे. बहुतेकांना चॅम्पियन घडवायचा असतो, साधा निरोगी माणूस घडवण्यात त्यांना फारसा रस नसतो.

सर्वांत मोठी अडचण अर्थात पाळ्यांची. पहिली, दुसरी, तिसरी पाळी आठवड्यागणिक बदलते, झोप आणि भूक त्यांच्यामागे फरफटत जातात, आणि पहाटेची तालीम किंवा संध्याकाळी सातचा वर्ग तीनपैकी एखाद्याच आठवड्यात साधतो. नेम हा ज्या विद्येचा प्राण आहे तिला नेम मोडणारे वेळापत्रक मारक ठरते, आणि यावर कोणतेही सोपे उत्तर नाही. काही अंशी ‘काता’ उपयोगी पडतो. काता म्हणजे कल्पित प्रतिस्पर्ध्यांशी ठरावीक क्रमाने केलेल्या हालचालींची मालिका, जी एकट्याने, साधनांशिवाय करता येते. शोतोकान शैलीतील नवशिक्यांचा काता ‘हेइआन शोदान’ हा २१ हालचालींचा असून त्याच्या नावातच शांततेचा अर्थ आहे; तो जेथे सुरू होतो साधारण तेथेच संपतो आणि एका मिनिटाहूनही कमी वेळात पूर्ण होतो. कॉट भिंतीला लावून, पावले आखडती घेऊन, शेजारी झोपलेल्याची झोप न मोडता आणि किआई मनातल्या मनात देऊन तो खोलीतही करता येतो. मराठी परंपरेत हेच काम सूर्यनमस्कार आणि जोर-बैठका करत आल्या आहेत. तिसरी पाळी करून सकाळी परतलेल्या माणसाने झोपण्यापूर्वी लढत करू नये, पण एक काता सावकाश करावा, असा संकेत काही जाणते शिक्षक पाळतात आणि तो शरीरधर्माला धरून आहे.

या सर्व कारणांनी पुढील प्रकरणांची मांडणी रूढ पुस्तकांच्या उलट क्रमाने केली आहे. डाव, प्रहार आणि शस्त्रे यांपासून आरंभ न करता पहिले प्रकरण पडण्याला दिले आहे, दुसरे श्वासाला आणि तिसरे अंतराला. दांडपट्टा, ज्याला महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये राज्यशस्त्र म्हणून घोषित केले, तो पुष्कळ पुढे येतो, आणि स्पर्धा सर्वांत शेवटी. पहिल्या प्रकरणातील आकृत्या पाहण्यापूर्वी वाचकाने घरातील एक जाड सतरंजी चौघडी करून जमिनीवर अंथरावी आणि उताणे झोपून, हनुवटी छातीला टेकवून, आवाज ‘थाप’ असा येतो की ‘टप्प-टप्प’ असा, हे ऐकून पाहावे. खालच्या मजल्यावर कोणी तिसऱ्या पाळीचे झोपले असेल, तर मात्र संध्याकाळपर्यंत थांबावे.